गरुडाखालची सावली : एका ड्रॅगून शिरस्त्राणाचा प्रांत शोधताना

वस्तूसोबत एक चिठ्ठी आली होती. फ्रेंचमध्ये लिहिलेली, दोनच ओळींची: 'प्रशियन टोकदार शिरस्त्राण. घोडदळ.' स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेलमधल्या माझ्या एका सहकाऱ्याने ते फ्रान्सच्या अल्सासमध्ये, म्युलूझजवळच्या एका गावात रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून उचललं होतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ते ठेवायचं आणि खाली पितळी पाटी लावायची, असा त्याचा बेत. पाटीवरचा मजकूर माझ्याकडे लागला, कारण ऑफिसात जुन्या लष्करी वस्तूंचं वेड असलेला मी एकटाच.

"प्रशियन घोडदळ, एवढं लिहिलं की झालं ना रे?" तो म्हणाला.

झालं नाही. दीड महिना गेला. शेवटच्या मजकुरात 'प्रशियन' हा शब्द राहिला, पण भलत्याच जागी.

आधी वस्तू कशी होती ते सांगतो. काळ्या रोगणाचं, कडक चामड्याचं शिरस्त्राण. डोक्यावर धातूचा सुळका, त्याचा तळ क्रॉसच्या आकाराचा, चार टोकांना चार साधे घुमटाकार खिळे. कपाळावरचा छज्जा कडेला गोल नाही, कोपऱ्यांत कापल्यासारखा चौकोनी. हनुवटीखालून जाणारा खवल्यांचा पट्टा, खवले फुगीर. उजव्या कानावर काळी-पांढरी-लाल चकती, डाव्या कानावर काळी-पांढरी-काळी. समोर पितळी गरुड, छातीवर 'एफ आर' ही अक्षरं, पंखांवरून गेलेल्या पट्टीवर 'देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी' अशा अर्थाचं जर्मन वाक्य. सुळका, त्याचा तळ आणि खवले चकचकीत पांढरे, गरुड मात्र पिवळा.

पहिल्या नजरेला ही चिठ्ठी बरोबर वाटते. गरुड प्रशियाचा, चकती प्रशियाची, वाक्य प्रशियाचं.

फ्रायबुर्गला एक निवृत्त शिक्षक राहतात. आयुष्यभर इतिहास शिकवला आणि घराचा माळा चामडं, पितळ नि बटणांनी भरला. आम्ही त्यांना आपसात गुरुजीच म्हणतो. त्यांच्यासमोर ते टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी सुळक्याकडे पाहिलंही नाही. उलटं केलं, नाकाला लावलं आणि मला विचारलं, "हे तुमच्या देशबांधवांचं काम तर नाही ना?"

प्रश्न खोचक असला तरी रास्त होता. युरोपातल्या बाजारात भारतात बनवलेल्या शिरस्त्राणांच्या नकला भरपूर फिरतात. नाटक-सिनेमासाठी, खेळ म्हणून युद्धाचे देखावे करणाऱ्यांसाठी त्या प्रामाणिकपणे बनतात, आणि दोन-तीन हात बदलले की अप्रामाणिकपणे विकल्या जातात. ते चामडं जाड असतं, रंग फवाऱ्याने मारलेला, आतलं अस्तर नव्या चपलेसारखं वास मारणारं. इथे रोगणाला मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा होत्या, आतल्या चामडी जिभा घामाने काळ्या पडून कडक झाल्या होत्या, आणि टाके हाताच्या सुताचे, किंचित वाकडे. टोप जुना होता. आता प्रश्न एवढाच: कुठला?

'कुठला' हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही, हे आम्हा मराठी माणसांना खरं तर कळायला हवं. पगडी बघून शिंदेशाही की पुणेरी हे आपण सांगतो. पण ती पगडी बांधली कोणी, कापड कुठून आलं आणि ती आज कुणाच्या वाड्यात सापडली, ही उत्तरं तिन्ही वेगळी असू शकतात. या शिरस्त्राणाचं तसंच होतं. फरक इतकाच की आम्हाला ते उशिरा सुचलं.

देश ठरवायला वेळ लागला नाही. १८७४ च्या नमुन्याचं फ्रेंच ड्रॅगूनचं (ड्रॅगून हा घोडदळाचा एक प्रकार) शिरस्त्राण धातूचं असतं, माथ्यावर कलगीचा उंचवटा आणि मागे घोड्याच्या केसांची शेपटी. ऑस्ट्रियन ड्रॅगूनचं चामड्याचं, पण त्यावर सुळका नसून पुढून मागे जाणारा तुरा, आणि समोर दोन डोक्यांचा गरुड. इटलीच्या जुन्या घोडदळ रेजिमेंटांच्या शिरस्त्राणावर सव्हॉयचा, म्हणजे तिथल्या राजघराण्याचा क्रॉस. रशियानेही चामड्याचे टोकदार टोप वापरले, पण त्यांच्या टोकावर पेटत्या ग्रेनेडची ज्वाळा. सुळक्याची कल्पना स्वीडनपासून चिलीपर्यंत गेली हे खरं. तरी काळी-पांढरी-लाल चकती जर्मन साम्राज्याचीच. ही चकती २२ मार्च १८९७ रोजी, पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, साऱ्या जर्मन सैन्याला मिळाली. ती उजवीकडे लागली, आणि आधी उजवीकडे असलेली राज्याची चकती डावीकडे गेली. म्हणजे हे टोप १८९७ नंतर वापरात होतं. नंतर 'बनलं' असं नाही, कारण जुन्या टोपांवरही ती चकती तेव्हा बसवली गेली.

खवल्यांचा पट्टा ज्या खुंट्यांवर अडकवला होता त्या १८९१ च्या पद्धतीच्या. त्या नंतर बसवल्याच्या खुणा नव्हत्या, टोपाच्या चामडी कवचाच्याच वयाच्या दिसत होत्या. काळाची चौकट बसली.

दल कोणतं, हेही फार अडलं नाही. प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याने १८४२ मध्ये टोकदार शिरस्त्राण आणलं, तेव्हा पायदळाचाही पुढचा छज्जा चौकोनीच होता. १८६७ मध्ये पायदळाचा छज्जा गोल झाला. ड्रॅगूनांनी चौकोनी ठेवला. क्रॉसचा तळ आणि फुगीर खवले हेही त्यांच्याकडे राहिले. घोडदळाच्या बाकीच्या प्रकारांपैकी क्युरासिए धातूचं शिरस्त्राण घालत, उलान पोलिश धाटणीचं चौकोनी माथ्याचं, हुसार फरची टोपी. उरले ड्रॅगून. तळावरचे खिळे साधे, ताऱ्याच्या आकाराचे नाहीत. आत रेशमी अस्तर नाही, जिभा आहेत. छज्ज्याखाली अधिकाऱ्यांच्या टोपात असतो तसा हिरवा-लाल रंग नाही. साधा शिपाई.

इथवर सगळं सुरळीत होतं आणि मी मनातल्या मनात पाटी लिहूनही टाकली होती. तेवढ्यात गुरुजींनी गरुडाच्या छातीवर बोट ठेवलं. "हा पायदळाचा आहे," म्हणाले.

प्रशियाच्या ड्रॅगूनांचा गरुड वेगळा. पंखांची ठेवण वेगळी, सगळी घडणच वेगळी. समोर होता तो लाइन पायदळाचा, म्हणजे गार्ड नसलेल्या साध्या पायदळाचा गरुड, हजारोंनी बनलेला, आजही सहज मिळणारा. घोडदळाच्या टोपावर पायदळाचा गरुड म्हणजे कोल्हापुरी वहाणांच्या जोडीत एक पाऊल बाटाचं.

मग आम्ही आत पाहिलं. शिपायांच्या टोपावरचा बिल्ला मागे असलेल्या दोन कड्यांनी बसवतात. कडी चामड्यातून आत येते आणि तिच्यात पाचर मारून ती घट्ट करतात. इथे पाचर नव्हती, तांब्याची तार पिळलेली होती. आणि भोकं दोन नव्हती, चार होती. तार ज्यांतून गेली होती त्या दोन भोकांच्या कडा फिकट आणि ताज्या. दुसरी दोन थोडी दूर, बाहेरून काळ्या मेणाने बुजवलेली, आतून कडा काळपट, हातांनी आणि घामाने गुळगुळीत झालेल्या. जुना बिल्ला त्या भोकांतून बसला होता, आणि तो हा गरुड नव्हता.

चार भोकं एवढंच सांगतात: हा बिल्ला मूळचा नाही. मूळचा कोणता, हे ती सांगत नाहीत. छंदाच्या जगात इथे एक घसरण असते. जोडाजोड सापडली की माणूस लगेच 'म्हणजे हे दुर्मीळ असणार' असं धरून चालतो. एखाद्या प्रशियन टोपाचा मूळ गरुड हरवला आणि घरच्यांनी दुसरा लावला, हेही तितकंच शक्य होतं.

डावी चकती काढून पाहिली. मागे गंज नाही, रंग चकचकीत, मधलं भोक यंत्राने पाडलेलं. उजवीच्या मागे शंभर वर्षांचा मळ. म्हणजे टोपावर ज्या दोन वस्तू 'प्रशिया' म्हणत होत्या, त्या दोन्ही नंतरच्या.

त्या दिवशी परतताना गाडीत सहकारी गप्प होता. जुन्या बाजारात आपल्याला गंडवलं असं त्याला वाटत होतं. मला उलट वाटत होतं.

त्या काळच्या जर्मनीची रचना इथे थोडी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. १८७१ चं साम्राज्य हे राज्यांचं साम्राज्य होतं. प्रशिया, बायर्न (बव्हेरिया), सॅक्सनी आणि व्युर्टेम्बेर्ग या चार राज्यांची युद्ध मंत्रालयं स्वतंत्र राहिली. बाकीच्यांनी प्रशियाशी लष्करी करार केले. बाडेनच्या ग्रँड डचीने नोव्हेंबर १८७० मध्ये असा करार केला आणि पुढच्या वर्षी तिची सेना प्रशियन सैन्यात सामावली गेली. रेजिमेंटांना प्रशियन यादीतले क्रमांक मिळाले. पण टोपावरचं चिन्ह आणि चकती मात्र आपापली राहिली. त्यामुळे लाइन ड्रॅगूनांच्या २६ रेजिमेंटांची यादी म्हणजे एक छोटा नकाशाच आहे: १ ते १६ खुद्द प्रशियाच्या, १७ आणि १८ मेक्लेनबुर्गच्या, १९ ओल्डेनबुर्गची, २० ते २२ बाडेनच्या, २३ आणि २४ हेसेनच्या, २५ आणि २६ व्युर्टेम्बेर्गच्या. गार्डच्या दोन रेजिमेंटा वेगळ्या. बायर्न आणि सॅक्सनी या यादीतच नाहीत.

बायर्न यादीत नसूनही मी पहिल्यांदा त्याच्याच मागे लागलो. क्रॉसचा तळ आणि चौकोनी छज्जा बायर्नच्या टोपांतही दिसतो. १८८६ मध्ये दुसरा लुडविग गेल्यावरच तिथे सुळका आला, त्याआधी माथ्यावर केसाळ सुरवंटासारखा तुरा असे. बायर्नचं जुनं शिरस्त्राण हाती लागल्याच्या आनंदात मी दोन संध्याकाळी घालवल्या. गुरुजींनी मला थांबवलं नाही. शिक्षकच ते.

मला भानावर आणलं ते मानेवरच्या छज्ज्याच्या आतल्या बाजूने. तिथे चामड्यात दाबलेले शिक्के होते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. बारीक टॉर्च अगदी कडेवरून, चामड्याला जवळजवळ टेकवून धरला की उंचसखल भागांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. एक शिक्का स्पष्ट होता: 'बी ए' आणि पुढे रोमन आकड्यांत चौदा. बी ए म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, सैन्याच्या कोअरचं, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या विभागाचं, कपडे-भांडार. चौदावी आर्मी कोअर कार्ल्सरुहेची, म्हणजे बाडेनची. बायर्नच्या कोअरांची मोजणी स्वतंत्र, एक ते तीन. तिथे चौदा येऊच शकत नाही. माझा बायर्न तिथेच संपला.

दुसरा शिक्का झिजलेला. 'डी', मग '२', मग काहीतरी. तिसरा घुमटाच्या आत, त्यात एकच शब्द वाचता आला: ऑफेनबाख.

"ऑफेनबाख! मग हेसेन!" सहकाऱ्याने टाळी वाजवली. तोवर त्यालाही गोडी लागली होती, फोनवर नकाशा उघडून बसला होता. आणि त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. ऑफेनबाख हेसेनमध्येच. हेसेनच्या ड्रॅगून रेजिमेंटा २३ आणि २४, दोन्हींचा पहिला आकडा दोन. सगळं जुळत होतं.

पण ऑफेनबाख हे चामड्याच्या धंद्याचं गाव. आजही जर्मनीचं चामडं-संग्रहालय तिथेच आहे, १९१७ पासून. तिथले कारखानदार ज्याचा ठेका मिळेल त्याला माल देत. पैठणी येवल्यात विणली म्हणून नेसणारी येवल्याची ठरत नाही. बनवणाऱ्याचा शिक्का सांगतो चामडं कुठे साच्यात बसलं. ते कुणाच्या डोक्यावर गेलं हे नाही. शिवाय १८९९ पासून हेसेनची सेना अठराव्या कोअरमध्ये, फ्रांकफुर्टकडे. चौदाचा शिक्का तिथे बसत नाही.

मग चौदाने प्रश्न सुटला? अर्धाच. कपडे-भांडार कोअरचं असतं, राज्याचं नाही. कोअरच्या हद्दीत दुसऱ्या प्रांतातली रेजिमेंटही असू शकते. म्युलहाउझेनचंच उदाहरण घ्या. जर्मन अमलात म्युलूझचं नाव ते होतं, आणि त्या छावणीत बाडेनच्या २२ व्या ड्रॅगूनांशेजारी पाचवी येगर त्सू फेर्ड (घोडदळाचाच आणखी एक प्रकार) रेजिमेंट होती, जी बाडेनची नव्हती. त्यांचं शिरस्त्राण काळवलेल्या पोलादाचं, त्यामुळे इथे गोंधळ नव्हता. पण नुसता कोअरचा आकडा प्रांत सिद्ध करत नाही हे त्यातून दिसतं. आणि 'डी २' मधला दोन हा एकटाच असेल, पुढचं 'काहीतरी' केवळ ओरखडा असेल, तर ती प्रशियाची दुसरी ड्रॅगून रेजिमेंट होते. पुन्हा पहिल्या पायरीवर.

निकाल लागला तो समोरच्या बाजूने, आणि तो लावला टोपातून काढलेल्या वस्तूने नव्हे, तिच्या सावलीने.

तार सोडून गरुड उतरवला होता. कवचाचा समोरचा भाग रिकामा झाला. दिवसाच्या उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं, मेणाचे दोन ठिपके सोडून. पण रोगण उन्हाने, धुळीने आणि पुसण्याने फिकं पडतं. बिल्ल्याखाली झाकलेलं रोगण त्यामानाने काळं राहतं. शिवाय धातूच्या कडा दशकानुदशकं चामड्यावर टेकून बारीक रेघ उठवतात. गुरुजींनी खोलीत अंधार केला आणि टॉर्च आळीपाळीने आठ दिशांनी, कडेवरून धरायला लावला. मी प्रत्येक वेळी फोटो काढला. नंतर संगणकावर फोटोंचा रंग काढून टाकला आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतर ताणलं. दोन आकृत्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. एक अगदी पुसट, गरुडाशी तंतोतंत जुळणारी. तिच्याखाली दुसरी, खूप ठळक, बुजवलेल्या भोकांभोवती.

ही दुसरी आकृती डावी-उजवी सारखी नव्हती.

एवढ्या एका गोष्टीवर सगळं फिरलं. जर्मन राज्यांचे बिल्ले डोळ्यांसमोर आणा. प्रशियाच्या गरुडाचं डोकं एका बाजूला वळलेलं असलं तरी पंख दोन्हीकडे सारखे पसरलेले. बायर्न: ढाल आणि दोन बाजूंना दोन सिंह. सॅक्सनी आणि मेक्लेनबुर्ग: किरणांचा तारा. हेसेन: सिंह एकटा आणि तलवार घेतलेला, पण त्याच्या दोन्ही अंगांनी ओक आणि लॉरेलच्या डहाळ्या, म्हणजे बाह्यरेषा पुन्हा दोन्हीकडे सारखीच. व्युर्टेम्बेर्गचं राजचिन्हही एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला हरीण असं तोललेलं. एकटं बाडेन असं आहे की जिथे एकच प्राणी बाजूने दिसतो: ग्रिफिन, वरचा भाग गरुडाचा, मागचा सिंहाचा, मागच्या पायांवर उभा, पंजांत तलवार आणि ढाल. एका अंगाला चोच आणि पंजे, दुसऱ्या अंगाला पंख आणि शेपूट. तो आरशात धरला तर स्वतःशी जुळत नाही.

आमच्या फोटोत एका बाजूला वर उठलेला रुंद फुगवटा होता आणि दुसऱ्या बाजूला तुटक, टोकदार कड. खाली आडवी वळणदार पट्टी. बाडेनच्या पट्टीवर प्रशियासारखंच वाक्य असतं, फक्त 'राजा'च्या जागी 'फ्युर्स्ट', म्हणजे संस्थानाधिपती. कारण बाडेनला राजा नव्हता, ग्रँड ड्यूक होता. अक्षरांची छाप अर्थातच उरली नव्हती. ती असती तर मी हा लेख निम्म्यात संपवला असता.

खात्री करायला रास्टाटला गेलो. तिथल्या राजवाड्यात लष्करी इतिहासाचं संग्रहालय आहे आणि बाडेनच्या सैन्याचे गणवेश पाहायला त्यासारखी जागा नाही. ग्रिफिनच्या बिल्ल्याची बाह्यरेषा आमच्या फोटोवर ठेवून पाहिली. पंखाचा कोन, शेपटीची जागा, पट्टीचं वळण जुळलं. परत येताना सहकाऱ्याने कारच्या विम्याबद्दल आलेलं एक सरकारी पत्र काढून दाखवलं. बाडेन आणि व्युर्टेम्बेर्ग १९५२ मध्ये एक राज्य झाले. त्या राज्याच्या मोठ्या चिन्हात आजही ढालीच्या एका बाजूला हरीण आहे आणि दुसऱ्या बाजूला ग्रिफिन. "हा तर रोज टपालाने घरी येत होता," तो म्हणाला. त्याचं घर सीमेच्या जर्मन बाजूला आहे.

तर: चौदावी कोअर, दोनने सुरू होणारा क्रमांक, ग्रिफिनची सावली. तिन्ही एकत्र घेतले तर बाडेन, आणि रेजिमेंट २०, २१ किंवा २२. कार्ल्सरुहे, ब्रुखझाल किंवा म्युलहाउझेन.

यातली कोणती? माझ्या मते झिजलेल्या दुसऱ्या आकड्याच्या माथ्यावर गोलाई आहे, म्हणजे तो एक नाही. शून्य किंवा दोन असावा. गुरुजी म्हणतात तो चामड्याचा तडा आहे. यावर आमचं तीन वेळा वाजलं आणि तिन्ही वेळा कॉफी थंड झाली.

धातूच्या रंगानेही मदत झाली असती, कारण ड्रॅगूनांच्या टोपावरच्या धातूचा रंग रेजिमेंटच्या बटणांच्या रंगाशी बांधलेला असतो: काहींना पितळ, काहींना जर्मन सिल्व्हर. (आपल्याकडे 'जर्मन'ची भांडी म्हणजे ॲल्युमिनियमची, हे ते नव्हे. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू, ज्यात चांदी नावालाच.) पण इथे आधीच्या कुणा हौशी मालकाने सुळका, तळ आणि खवले यांवर निकेलचा मुलामा चढवून घेतला होता. चमक छान आली आणि पुरावा गेला. खरवडून पाहा, असं सहकाऱ्याने सुचवलं. मी ठाम नकार दिला. एका आकड्यासाठी आणखी एक जखम करायची नाही.

तो म्हणाला, "म्युलूझजवळ सापडलंय, मग २२ वीच की!" मोह होतो खरा. पण सापडल्याची जागा हा यातला सगळ्यात कच्चा धागा. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच सैन्य म्युलहाउझेनमध्ये शिरलं आणि दोन दिवसांत परतवलं गेलं. ते परतवणाऱ्यांत चौदावी कोअर होती. चार वर्षांनी जर्मन गेले, अल्सास फ्रान्सकडे परत आला. टोपं रस्त्यात पडली, गोठ्यात राहिली, आठवण म्हणून उचलली गेली, पुढे दुकानांतून फिरली. शंभर वर्षं बाजारात फिरलेल्या वस्तूचा शेवटचा मुक्काम हे तिचं गाव नसतं. २२ वी असण्याची शक्यता त्यामुळे थोडी वाढते, इतकंच मी मान्य केलं.

राहिला प्रश्न, ग्रिफिन काढून गरुड कोणी लावला आणि का. उत्तर बहुधा पैशात आहे. प्रशियन लाइन गरुड मुबलक आणि स्वस्त. बाडेन, हेसेन, मेक्लेनबुर्ग यांचे बिल्ले कमी, म्हणून महाग. एखाद्या विक्रेत्याकडे चांगल्या अवस्थेतलं, पण बिल्ला नसलेलं कवच असेल तर तो अशाच एखाद्या भेगाळलेल्या टोपाचा ग्रिफिन काढून तिथे बसवतो. मागे उरलेल्या टोपाला उघडं कपाळ घेऊन कोण विकत घेणार? मग त्याला हाताशी असलेला गरुड. फ्रान्समध्ये तर टोकदार टोप म्हणजे प्रशियनच अशी समजूत १८७० पासून पक्की, त्यामुळे गिऱ्हाईकही शंका घेत नाही. म्हणजे आमच्या टोपाचा ग्रिफिन आज कुठल्या तरी काचेच्या कपाटात दुसऱ्याच्या कपाळावर मिरवत असणार, आणि त्या टोपाच्या आतही कदाचित चार भोकं असतील.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत खटकत राहिली, आणि ती पाटी लिहिताना समोर आली. चिठ्ठीवाल्याचं 'प्रशियन' साफ चूक होतं का? १८७१ नंतर बाडेनचा ड्रॅगून प्रशियन सैन्याच्या यादीतला शिपाईच होता. क्रमांक प्रशियन, कवायत प्रशियन, शिरस्त्राणाचा नमुनासुद्धा प्रशियन. चूक सैन्याच्या नावात नव्हती. ते नाव प्रांताच्या जागी वापरलं, तिथे ती झाली. कपाळावर ग्रिफिन आणि डाव्या कानावर पिवळी-लाल-पिवळी चकती घालून जो मुलगा घोड्यावर बसला, त्याला 'तू प्रशियन का रे?' असं विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं याची कल्पना गुरुजींच्या चेहऱ्यावरून येते. फ्रायबुर्ग बाडेनमधलंच, आणि त्यांच्या गल्लीत आजही पिवळे-लाल-पिवळे झेंडे लागतात.

पाटीचा मजकूर असा ठरला:

'ड्रॅगून शिपायाचं शिरस्त्राण. बाडेनची ग्रँड डची, प्रशियन सैन्याची १४ वी आर्मी कोअर. रेजिमेंट २०, २१ किंवा २२. १८९७ नंतर वापरात. कवच ऑफेनबाखचं. मूळ ग्रिफिन बिल्ला आणि डावी चकती नाहीत. धातूवरचा मुलामा नंतरचा.'

"एवढं मोठं?" सहकारी म्हणाला. पितळी पाटीवर अक्षरागणिक पैसे लागतात. शेवटी त्याने तो कागदावर छापून लावला.

ग्रिफिनची नवी नक्कल आणून बसवावी असं त्याच्या बायकोचं मत होतं. समोरून भकास दिसतं म्हणाली. गुरुजींनी एकच विचारलं, कड्या कुठल्या भोकांतून घालणार? जुन्या भोकांत बसवली तर जुनी खूण घासली जाणार, नव्यांत बसवली तर ते पुन्हा खोटंच. गरुड आणि काळी-पांढरी-काळी चकती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, टोपाच्या आत ठेवली आहेत. कपाट दक्षिणेकडच्या खिडकीसमोर होतं ते त्याने हलवलं, रोगण आणखी उडू नये म्हणून. आता कपाटातला छोटा दिवा तो मुद्दाम बाजूने लावतो. समोरून पाहिलं तर काळं चामडं. डावीकडे दोन पावलं सरकलं की पंख दिसतो.